घड्याळाचे झाकण कोणाला उघडता येते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साडेतीन वर्षांपूर्वी मी बँकेतून निवृत्त झालो, तेव्हा मुलाने मला बावीस हजारांचे स्मार्टवॉच दिले. पावले, झोप, हृदयाचे ठोके असे सगळे त्यात दिसत असे आणि मला त्याची चांगली सवयही लागली. गेल्या दिवाळीपासून मात्र सकाळी पूर्ण चार्ज केलेले घड्याळ दुपारी चारलाच बंद पडू लागले. सेवाकेंद्रात नेल्यावर, या मॉडेलची बॅटरी स्वतंत्र बदलून मिळत नाही, जुने घड्याळ जमा करून नव्यावर सवलत घ्या, असे सांगण्यात आले. त्याच आठवड्यात कपाट आवरताना वडिलांचे एचएमटी जनता सापडले. ते किमान वीस वर्षे बंद होते. राजवाड्याजवळच्या एका वयस्क घड्याळजींकडे दिले, तर चौथ्या दिवशी सहाशे रुपयांत ते टिकटिकत परत आले. हा फरक नेमका कशामुळे पडतो? कंपन्या हे मुद्दाम करतात का? आणि वैशाखात नातवाची मुंज आहे, त्याला घड्याळ द्यायचे तर कोणते द्यावे?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण दोन्ही घड्याळे एकाच आठवड्यात दुरुस्तीला नेलीत, त्यामुळे निम्मे उत्तर आपल्या हाती आलेलेच आहे. आपले स्मार्टवॉच कच्च्या बांधणीचे होते म्हणून गेले, असे समजू नये. त्याची काच जनताच्या प्लास्टिकच्या काचेपेक्षा कितीतरी कठीण होती, पावसात ते निर्धास्त चालत होते, आणि अचूकतेच्या बाबतीत तर तुलनाच नाही. मोबाइलवरून वेळ जुळवून घेणारे घड्याळ सेकंदभरही चुकत नाही. चावीचे जुने घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद मागेपुढे झाले, तरी ते उत्तम चालते आहे असेच कोणताही घड्याळजी म्हणेल. असे असूनही एक साडेतीन वर्षांत निकामी ठरले आणि दुसरे वीस वर्षांनी उठून चालू लागले. प्रत्येक घड्याळात काही ना काही झिजतेच. जे झिजते ते कारखान्याबाहेरच्या माणसाला काढून बदलता येते की नाही, यावर घड्याळाचे आयुष्य ठरते, असे माझे उपकरणदुरुस्तीतील तीस वर्षांच्या अनुभवानंतरचे मत आहे.

जनतामध्ये काय झाले असेल, ते न पाहताही सांगता येईल. या घड्याळात चावीने गुंडाळली जाणारी मेनस्प्रिंग असते, तिची ताकद दातेरी चाकांतून पुढे जाते आणि शेवटी बॅलन्सचे चाक तिला मोजूनमापून सोडते. हे चाक तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला सुमारे पावणेसोळा कोटी. ज्या आसावर ते फिरते त्याची टोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतात आणि ती माणकाच्या खड्यांतील भोकांत बसवलेली असतात. जनताच्या डायलवर १७ ज्वेल्स असे लिहिलेले असते, ते हेच खडे. लोखंडावर लोखंड घासले असते तर ते केव्हाच झिजून गेले असते; कृत्रिम माणकावर पोलादाचे गुळगुळीत टोक, मध्ये तेलाचा सूक्ष्म थेंब, अशी ही योजना असल्यामुळे झीज फार हळू होते. वीस वर्षांत आपल्या घड्याळाचे जे बिघडले ते बहुधा एवढेच, की तो थेंब सुकून डिंकासारखा चिकट झाला.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडतात, काटे आणि डायल उतरवतात, बॅलन्स सर्वांत आधी उचलून एका उपड्या काचेखाली झाकून ठेवतात, कारण हवेच्या झुळकीनेही त्याच्या केसासारख्या स्प्रिंगचे (हेअरस्प्रिंगचे) वेटोळे बिघडू शकते. मग एकेक ब्रिज (चाकांना वरून धरून ठेवणारी पट्टी), एकेक चाक सुटे करून पेट्रोलच्या वाटीत टाकतात. टोक काढलेली लाकडी काडी प्रत्येक खड्याच्या भोकात फिरवून आतला काळा लेप काढतात, आणि ती काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत तिला पुन्हा पुन्हा टोक काढत राहतात. शेवटी सुईच्या टोकावर मावेल इतकेच तेल देतात. घाईचा कारागीर इथे चुकतो, कारण जास्त दिलेले तेल पसरते आणि नको त्या ठिकाणी चाके चिकटवते. आपण दिलेले सहाशे रुपये या कष्टाचे होते. सुटा भाग बदलावा लागला असेल तर कदाचित एखादी मेनस्प्रिंग, आणि तीही त्यांच्या खणात आधीपासून पडलेली असणार.

ती तिथे होती, याला इतिहास आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीशी सहकार्य करून १९६१ मध्ये बंगळुरूला मनगटी घड्याळांची सुरुवात केली, आणि पुढे कित्येक वर्षे एकाच जातीचे मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, जनतासारख्या अनेक मॉडेलांत वापरले गेले. त्यामुळे एका घड्याळाचा भाग दुसऱ्याला बसतो, आणि या मशीनची चाके, आस, स्प्रिंग कशी असते हे देशातल्या हजारो कारागिरांच्या हातांना पाठ झाले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली, कारखाना संपला, तरी आपल्या वडिलांचे घड्याळ दुरुस्त झाले. दुरुस्तीचे ज्ञान आणि भाग कंपनीच्या कुलपाबाहेर आलेले होते, हेच त्याचे कारण.

आता स्मार्टवॉचकडे वळू. त्यातील पहिला झिजणारा भाग म्हणजे लिथियम-आयन बॅटरी. चार्ज होताना आणि उतरताना तिच्या आत नको असलेल्या रासायनिक क्रिया थोड्याथोड्या घडत राहतात, कामाचे लिथियम त्यांत अडकून पडते, आणि धारणशक्ती कमी होत जाते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, आणि घड्याळ न वापरता कपाटात ठेवले तरी ती थांबत नाही. ॲपलने आपल्या घड्याळांच्या बॅटरीबद्दल प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे १,००० पूर्ण चार्ज झाल्यानंतर मूळ धारणशक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंत शक्ती उरावी, अशी तिची रचना असते. रोज एक पूर्ण चार्ज धरला, तर हजाराचा आकडा तीन वर्षांच्या आत येतो. ज्या घड्याळाची बॅटरी नवेपणी १८ तास टिकत असे, ती आता साडेचौदा तासांपेक्षाही कमी टिकेल, म्हणजे सकाळी सहाला मनगटावर चढवलेले घड्याळ रात्री साडेआठच्या आधीच मान टाकेल. मोबाइलची बॅटरी वीस टक्क्यांनी कमी झाली तर माणूस सांभाळून घेतो. दिवसभर कसेबसे पुरणाऱ्या घड्याळात मात्र तेवढ्याच घटीने त्याचा उपयोगच संपतो.

बॅटरी ही खर्चाने लहान वस्तू आहे. अडचण तिच्यापर्यंत पोहोचण्याची आहे. बहुतेक स्मार्टवॉचमध्ये पडदा चिकटद्रव्याने चौकटीला बसवलेला असतो, आणि तेच चिकटद्रव्य पाणी अडवण्याचे कामही करते. ते उष्णता देऊन सोडवावे लागते, त्याच क्षणी पडद्याला जोडलेली कागदासारखी पातळ केबल फाटू शकते, आणि परत बसवताना पूर्वीइतके पाणी अडेलच याची खात्री योग्य यंत्रावर दाब तपासल्याशिवाय देता येत नाही. शिवाय बॅटरीचा आकार प्रत्येक मॉडेलला निराळा, त्यामुळे तिचा बाजारात साठा नाही. जनताची मेनस्प्रिंग न मिळाल्यास त्याच रुंदी-जाडीची दुसरी शोधता येते, आणि चांगला कारागीर लेथवर बॅलन्सचा आसही घडवू शकतो. लिथियमची बॅटरी घडवणारा कारागीर राजवाड्यावर मिळणार नाही.

दुसरी झीज डोळ्यांना दिसत नाही. स्मार्टवॉच हे मोबाइलवरच्या एका ॲपच्या, कंपनीच्या सर्व्हरच्या आणि वेळोवेळी येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारावर उभे असते. २०१५ मध्ये ॲपलने पहिले घड्याळ आणले तेव्हा त्याची अठरा कॅरेट सोन्याची आवृत्ती १०,००० डॉलरपासून पुढे विकली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेली वॉचओएस ५ ही प्रणाली त्या पहिल्या पिढीच्या घड्याळांना मिळाली नाही, आणि त्यात सोन्याची घड्याळेही आली. सोने तसेच राहिले, आतले घड्याळ साडेतीन वर्षांत जुने ठरले. मला हे उदाहरण फार बोलके वाटते, कारण आपल्या सराफ्यात सोन्याची वस्तू म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तू असा जो समज आहे, तो इथे पूर्णपणे मोडतो.

कंपन्या हे मुद्दाम करतात का, या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देणार नाही. पाणी अडवायचे, जाडी कमी ठेवायची, पाठीमागे हृदयाचे ठोके मोजणारे संवेदक बसवायचे आणि वजनही वाढू द्यायचे नाही, या अटी खऱ्या आहेत आणि चिकटद्रव्य हे त्यांवरचे सोपे उत्तर आहे. मात्र सोपे म्हणजे एकमेव नव्हे. गूगलने २०२५ मध्ये आणलेले पिक्सेल वॉच ४ स्क्रूने उघडता येते आणि त्याचा पडदा व बॅटरी बदलता येतात. त्याआधीच्या त्याच मालिकेतील घड्याळांबद्दल ही सोय नसल्याची तक्रार होती. ठरवले तर करता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. म्हणून बॅटरी बदलून मिळत नाही या वाक्याचा खरा अर्थ, ती बदलता यावी असे बनवताना कोणी ठरवले नाही, असा घ्यावा. टॅग हॉयर या स्विस कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये १,५०० डॉलरचे पहिले स्मार्टवॉच आणताना, दोन वर्षांनी ते परत देऊन आणखी १,५०० डॉलर भरल्यास यांत्रिक घड्याळ मिळेल, अशी योजना सोबतच जाहीर केली होती. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी घड्याळे विकणाऱ्या कंपनीला आपल्या ग्राहकाची धास्ती बरोबर कळली होती, असेच म्हणावे लागेल.

चावीचे घड्याळ अमर असते, असा मात्र आपला समज होऊ देऊ नका. माझ्या वडिलांचेही जनताच होते. कॉलेजात असताना रंगपंचमीच्या दिवशी ते मनगटावरून काढायचे विसरून मी राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, गेलो. घरी आलो तेव्हा काचेच्या आतून गुलाबी धुके जमले होते आणि सेकंदाचा काटा सातवर थांबला होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत वाट पाहिली. घड्याळजींनी झाकण काढून भिंग माझ्या हाती दिले, तेव्हा हेअरस्प्रिंगची वेटोळी रंगाने एकमेकांना चिकटलेली आणि चावीच्या दांड्यावर गंजाचा पहिला तांबूस ठिपका उमटलेला मी स्वतः पाहिला. काल रात्रीच आणले असते तर हा ठिपकाही पडला नसता, एवढेच ते म्हणाले. ते घड्याळ वाचले, पण दांडा बदलावा लागला, आणि वडिलांना हे सांगताना मला जे वाटले ते अजून विसरलेलो नाही. पाणी, गंज, चुंबक आणि खाली पडणे हे यांत्रिक घड्याळाचे खरे शत्रू आहेत. जनताच्या डायलवर पॅराशॉक असे लिहिलेले असते, म्हणजे बॅलन्सच्या टोकांना धक्का सोसण्यासाठी बारीक स्प्रिंगचा आधार दिलेला असतो. तरी फरशीवर पडलेल्या घड्याळाचा आस वाकू शकतो. स्पीकरजवळ रात्रभर राहिलेले घड्याळ अचानक तासाला मिनिट-मिनिट पुढे पळू लागले, तर हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेले असते, आणि ते यंत्रावर दोन मिनिटांत उतरवता येते. तेल सुकलेले असताना घड्याळ चालवत राहणे सर्वांत वाईट, कारण मग टोके खरोखर झिजतात. नियमित वापरात चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करून घ्यावे.

मला खरी चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपले घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ वयस्क आहेत, असे आपणच लिहिले आहे. सेल बदलणे आणि पट्टा लावणे एवढ्याच कामावर दुकान चालत असेल तर त्यांचा मुलगा हे भिंग डोळ्याला लावणार नाही, आणि ज्या दिवशी मशीन पूर्ण सुटे करून परत जोडणारा हात शहरात उरणार नाही, त्या दिवशी जनताही आपल्या स्मार्टवॉचइतकेच बंद होईल. सहाशे रुपये जास्त वाटले असतील, तरी चार वर्षांनी घड्याळ पुन्हा त्यांच्याकडेच घेऊन जा, घासाघीस न करता.

नातवाबद्दल. मुंजीत घड्याळ मिळणे हा आपल्याकडच्या मुलांचा जुना आनंद आहे, तो त्याला मिळावा. परंतु आठ वर्षांच्या मुलाच्या हाती वडिलांचे जनता आज देऊ नका, आणि स्मार्टवॉचही देऊ नका. पहिले तो आपटेल आणि दुसरे तो दहावीला जाईपर्यंत चालू राहणार नाही. काटे असलेले साधे क्वार्ट्झ घड्याळ द्या. त्यातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चूक होत नाही, सेल दोन-तीन वर्षांनी कोणत्याही दुकानात बदलून मिळतो, आणि मशीन गेलेच तर अनेकदा त्याच मापाचे दुसरे बसवता येते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा मधला मार्ग आहे आणि त्याचे कौतुक फार कमी होते. मोठे यांत्रिक घड्याळच द्यायचे मनात असेल, तर नावापेक्षा मशीन पाहा. सेइकोचे एनएच३५ हे २४ ज्वेल्सचे, तासाला २१,६०० ठोक्यांचे स्वयंचलित मशीन कितीतरी निरनिराळ्या कंपन्यांच्या घड्याळांत बसवलेले असते, म्हणून त्याचे भाग बाजारात सहज मिळतात. जनता मात्र डबीत ठेवा, आठवड्यातून एकदा चावी द्या, आणि सर्व्हिसिंगची तारीख एका चिठ्ठीवर लिहून डबीतच ठेवा. नातू सोळा वर्षांचा झाला की ती चिठ्ठी त्याच्या कामाची असेल.

प्रश्न : सासूबाईंना हृदयविकार आहे आणि त्या एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या, म्हणून त्यांच्या हातात आम्ही स्मार्टवॉच बांधले आहे. ते आमच्यासाठी शोभेची वस्तू नाही. ते जास्तीत जास्त वर्षे टिकावे यासाठी काय करावे, आणि बॅटरी संपत आली तर जेल रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बदलून घ्यावी का?
(एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : आपल्या घरात स्मार्टवॉच योग्य हातात आहे. पडल्याचे ओळखून आप्तांना कळवणे किंवा ठोक्यांची अनियमितता दाखवणे हे काम कोणतेही यांत्रिक घड्याळ करू शकत नाही. मात्र ते निदान नव्हे; अनियमितता दिसल्यास डॉक्टरांकडे जायचे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. अशा घड्याळाकडे चार-पाच वर्षांच्या औषधोपकरणासारखे पाहा, त्याची किंमत वर्षांत वाटून घ्या, आणि बंद पडेपर्यंत थांबू नका. सकाळी पूर्ण चार्ज केलेले घड्याळ सासूबाई झोपेपर्यंत पुरेनासे झाले, की बदलण्याची वेळ आली, कारण रात्री न्हाणीघरात जातानाच त्याची सर्वाधिक गरज असते. त्यांची आंघोळ चालू असताना ते चार्जवर लावण्याची सवय अनेक घरांत असते, ती आपल्या बाबतीत चुकीची आहे. त्या दुपारी टीव्ही पाहायला बसतात तेव्हा चार्ज करा.

माळव्याच्या उन्हाळ्यात ते गाडीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका आणि गरम झालेले असताना चार्जला लावू नका. बॅटरीचे वय उष्णतेने सर्वांत वेगाने वाढते. तासन्‌तास शंभर टक्क्यांवर ठेवण्यापेक्षा ऐंशीच्या आसपास थांबवणे बरे, आणि बऱ्याच घड्याळांत तशी सोय सेटिंगमध्ये असते. काही दिवस वापरायचे नसेल तर अर्धे चार्ज करून बंद ठेवा, पूर्ण उतरवून खणात टाकू नका. पडदा सतत उजळ ठेवणारी सोय बंद करा, घरात बसलेल्या माणसाला तिची गरज नसते. आंघोळीत घड्याळ हातात असणारच, तर साबण आणि वाफ यांपासून शक्य तेवढे जपा आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. पाण्यापासूनच्या संरक्षणाचे रबर आणि चिकटद्रव्य कालांतराने सैल होते. डब्यावर लिहिलेले पन्नास मीटर हे नव्या घड्याळाच्या, स्थिर दाबाखालच्या चाचणीचे माप आहे. पाच वर्षांनंतरही ते तसेच राहील, असे ते वचन नाही.

आता दुकानाचा प्रश्न. जेल रोडवर कुशल हात आहेत आणि मोबाइलच्या बाबतीत मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. परंतु आपले घड्याळ पाण्यात जाणारे आणि जिवाशी संबंधित आहे. कंपनीकडे बॅटरी बदलण्याची सोय असेल तर आपल्या बाबतीत तीच घ्या, थोडे महाग पडले तरी. ती नसेल तर स्थानिक कारागिराला दोन प्रश्न विचारा : नवी सील बसवता का, आणि बसवल्यावर दाब तपासता का? दुसऱ्याचे उत्तर नाही असे आले, तर त्या घड्याळाला पुन्हा पाणी लागू देऊ नका. बॅटरी फुगून पडदा उचलला गेलेला दिसला, तर चार्जिंग लगेच थांबवा, तो दाबून बसवू नका, टोचू नका. जुने घड्याळ सुक्या कचऱ्यात टाकू नका. इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, आणि फुगलेल्या बॅटरीबद्दल गाडीवरच्या माणसाला तोंडी सांगून ती हाती द्यावी.

पुढचे घड्याळ घेताना दुकानदाराला पडद्याचा आकार विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. बॅटरी बदलण्याची किंमत किती? सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे मिळण्याचे लेखी आश्वासन आहे? आणि सुटे भाग किती वर्षे ठेवले जातात? ॲपलचे उदाहरण घ्यायचे तर, विक्री थांबल्यावर सात वर्षे उलटली की ती कंपनी ते उत्पादन कालबाह्य ठरवते. सात वर्षे चांगलीच म्हणायची, कारण स्वस्त घड्याळांच्या बाबतीत अनेकदा या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही, आणि उत्तर न मिळणे हेही एक उत्तरच समजावे.

या बाबतीत कायदा हळूहळू का होईना हलतो आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे ही त्याची चार क्षेत्रे आहेत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता-घालता येईल अशी ठेवावी लागणार आहे. त्या बाजारासाठी बदललेली रचना पुढे आपल्याकडेही येईल, अशी मला आशा आहे.

सॉफ्टवेअरबद्दल आणखी एक घटना सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेबल नावाचे साधे स्मार्टवॉच २०१२ मध्ये लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमवून निघाले. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी मिटली, आणि ३० जून २०१८ ला तिच्या सेवाही बंद झाल्या. ठणठणीत असलेली घड्याळे त्या दिवशी अर्धी मुकी झाली असती, पण रिबल नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी पर्यायी सर्व्हर उभे करून ती चालू ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या प्रणालीचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. जनताला जे काम राजवाड्याच्या घड्याळजींनी केले, तेच पेबलला या लोकांनी केले. म्हणून कंपनी बाजारातून गेली तर घड्याळाचे सॉफ्टवेअर खुले करण्याचे बंधन तिच्यावर असावे, असे मी ग्राहक म्हणून आग्रहाने मागतो.

प्रश्न : इंटरनेटवर एक निळ्या झगझगीत डायलचे, नवेकोरे म्हणून लिहिलेले एचएमटी पायलट स्वस्तात मिळते आहे. रेडियमचे काटेही आहेत. घ्यावे का?
(एक विद्यार्थी, वैशाली नगर, इंदूर)

उत्तर : सावध राहा. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली डायल बसवून अशी घड्याळे मोठ्या प्रमाणात विकली जातात, आणि कंपनीने कधी न काढलेले रंगही त्यांत दिसतात. मजकुराची अक्षरे जाड आणि किंचित पसरलेली आहेत का, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळतात का, चावी डायलच्या रंगाइतकीच नवी आहे की तिचा मुलामा उडालेला आहे, हे मोठ्या फोटोत पाहा. रंगवलेली डायल म्हणजे फसवणूकच असे नाही. रंगवलेली आहे असे सांगून, त्या भावात आणि सर्व्हिसिंग केलेले मशीन मिळत असेल, तर वापरायला ते चांगले घड्याळ आहे. रेडियम हा शब्द आपण चमकणाऱ्या प्रत्येक काट्याला लावतो. खरे रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, १९६० च्या दशकापर्यंतच्या परदेशी घड्याळांत सापडते. तसे घड्याळ हाती आले तर त्याची काच स्वतः उघडू नका आणि डायल खरवडू नका. विक्रेत्याकडे मागचे झाकण उघडून काढलेला मशीनचा फोटो मागा, आणि तो राजवाड्यावरच्या कोणत्याही जाणत्या घड्याळजींना दाखवून मगच पैसे पाठवा.